‘हम’ म्हणजे कोण, विनू?

विनू, तुझ्या तेराव्याच्या पंगतीत तुझी जी तारीफ चालली होती ना, तिच्यातली निम्मी माझी होती. हे आधी सांगून टाकते, मग रडायचं ते रडेन.

मी वाढत होते. समोर ऑर्केस्ट्रावाले ओळीने बसले होते आणि त्यांच्यातला तो जाडा कीबोर्डवाला शेजाऱ्याला सांगत होता, "अरे, भैया ने तो हमारा एम्पलीफायर सूँघ के पकड़ लिया था. बोले, ट्रांसफार्मर गया." सूँघ के म्हणे! तो ट्रान्सफॉर्मर मी पकडला होता. सकाळपासून त्या पेटीत मीटर घेऊन मी डोकं घातलं होतं आणि तू दुकानाबाहेर चहा पीत उभा होतास. तो माणूस यायच्या जरा आधीच मी तुला आतून ओरडून सांगितलं होतं, आणि तो आला तसा तू हातातला कप खाली न ठेवता त्याला म्हणालास, "ट्रांसफार्मर गया है, हमने देख लिया." हमने! हे आठवलं आणि माझ्या पळीतली कढी त्याच्या ताटाबाहेर गेली. मुद्दाम नाही सांडली, पण पुसलीही नाही.

नीलावहिनींना वाटलं, दुःखाने माझे हात थरथरताहेत. त्यांनी येऊन पातेलं काढून घेतलं. "बेबी, तू बस गं आता. किती करशील?" तुझी बायको इतकी भली आहे की तिच्यासमोर जळायचीसुद्धा चोरी. मग मी आतल्या खोलीत जाऊन बसले आणि खरंच रडले. त्यात दुःख किती होतं आणि राग किती, ते मला विचारू नकोस.

जळते मी तुझ्यावर. लहानपणापासून जळते. तू गेलास की हे आपोआप थांबेल असं वाटलं होतं, तर उलट वाढलंय. जिवंत होतास तेव्हा निदान तुझे घोटाळेही दिसायचे. आता बघावं तर ग्वाल्हेरात माधवगंजपासून सराफ्यापर्यंत जो भेटेल तो डोळे पुसतो आणि म्हणतो, "भैया जैसा कान किसी का नहीं." आणि मला मान हलवावी लागते.

सुरुवात त्या सुईपासून झाली. नया बाजारातलं आपलं दुकान तेव्हा नानांचं रेडिओचं दुकान होतं. नाना माझे वडील, तुझे मामा. काचेच्या व्हॉल्व्हचे ते पेटीएवढे रेडिओ. चालू रेडिओच्या पोटात नाना आईची लाकडी विणायची सुई घालायचे आणि एकेक पार्ट हळूच टोचून बघायचे. लाकडातून करंट येत नाही, आणि जिथे सोल्डरचा टाका सैल असेल तिथे टोचलं की रेडिओ खरखरतो. आई ओरडायची, कारण तिचं अर्धं स्वेटर दुसऱ्या सुईवर लटकत असायचं. एक दिवस नानांनी आपल्या दोघांना शेजारी बसवलं आणि डोळे मिटायला लावले. "कुठे बोलला?" मी म्हटलं, डावीकडे. तू म्हणालास, "मागे. मोठ्या व्हॉल्व्हच्या पायाशी." आणि नानांनी ती सुई तुझ्या हातात दिली. माझ्या बापाने, माझ्या आईची सुई, तुला! तू शिकायला आमच्याकडे राहिलेला आतेभाऊ. आत्याकडे काय सुया नव्हत्या?

मला नानांनी मीटर दिला. "बेबी, तू मोजत जा," म्हणाले. मीटर देणंही कमी नव्हतं, हे आता कळतं. पण त्या वयात मीटर म्हणजे शाळा होती आणि सुई म्हणजे जादू. आणि नंतरही तसंच राहिलं बघ. मी कागदावर सर्किट काढून, व्होल्टेज लिहून, एकेक जागा तपासत फॉल्टपर्यंत पोचायचे. तू डोळे मिटून टकटक करायचास आणि म्हणायचास, "हा घे." दहातून आठ वेळा बरोबर असायचास. उरलेल्या दोन वेळा मीच निस्तरायचे, पण त्या दोन वेळांच्या गोष्टी कोणी पंगतीत सांगत नाही.

आता एक खरी गोष्ट, तीही सांगते, नाहीतर वरून हसशील. नाना गेल्यावर दुकानाचं काय करायचं यावर घरात बैठक बसली. आत्या म्हणाली, बाईमाणूस बाजारात सोल्डरिंगचा आयर्न घेऊन बसणार का? सगळे गप्प. मीसुद्धा गप्प. तू जेवत होतास, घास तोंडात तसाच ठेवून म्हणालास, "बेबी बसणार नसेल तर मी पण शटर नाही उघडत. दुकान मामांचं आहे, माझं थोडंच आहे." विषय संपला. त्या एका वाक्यावर मी आजवर उभी आहे. आणि ते वाक्यसुद्धा तुझंच, विनू. मी म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

तरी मी त्या वाक्यासाठी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण दुसऱ्याच दिवशी तू पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणालास, "आइए, दुकान अब हम देखते हैं."

हा ‘हम’ आपल्या दोघांच्या जन्माचा वाद. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी फार लहान होते. नाना एका रेडिओवर कान ठेवून म्हणाले, "यात हम आहे." घरात मराठी, गल्लीत हिंदी, दोन्ही डोक्यात कालवलेल्या. खालून येणाऱ्या त्या बारीक घुमण्याला इंग्रजीत ‘हम’ म्हणतात, हे मला कुठून ठाऊक असणार? मला वाटलं, रेडिओत माणसं आहेत. मी विचारलं, "नाना, हम म्हणजे कोण?" नानांनी तोंड उघडायच्या आत तू बोललास, कारण तुला दुसऱ्याची पाळी कधी कळलीच नाही. "हम म्हणजे आपण, बावळट!" नाना इतके हसले की त्यांनी आयर्न बाजूला ठेवला.

तेव्हापासून आपल्या दुकानात पेटी घुमायला लागली की "आपण आलो" आणि घुमणं थांबलं की "आपण गेलो." गिऱ्हाइकं वेड्यासारखी बघायची.

पण खरी गोम पुढे आहे. आपल्या मराठीत आपण वेगळे, आम्ही वेगळे, मी वेगळी. ग्वाल्हेरच्या हिंदीत सगळ्यांना मिळून एकच ‘हम’, आणि एकटा माणूससुद्धा स्वतःला हमच म्हणतो. कोपऱ्यावरचा पानवाला "हम अभी आए" म्हणून जातो, तेव्हा त्याच्याबरोबर काही वरात निघत नाही. तू गिऱ्हाइकाला सांगायचास "हमने ठीक कर दिया," आणि गिऱ्हाईक ऐकायचं ‘मी’. मागे मी उभी, हातात गरम आयर्न, नाकावर घाम. ते गेलं की मी विचारायचे, "विनू, मराठीत सांग. मी की आपण?" तू हसायचास. "मतलब, तू पण ना बेबी! समजून घे ना." काय समजून घे? एकदा तरी सांगायचं होतंस सरळ. आयुष्य गेलं आणि मला अजून माहीत नाही, त्या हममध्ये मी होते की नव्हते.

सक्सेना सरांच्या अॅम्पवरून तर त्याचा कडेलोट झाला. सर गिटार शिकवतात, आणि तो व्हॉल्व्हचा अॅम्प म्हणजे त्यांचा जीव. लावला की सुरेख वाजायचा. पेटी चांगली तापली की हळूच हम सुरू व्हायचा, वाढत जायचा, आणि मग मागच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाचा पत्रा आतून लाल व्हायला लागायचा. लगेच बंद करावा लागे. थंड झाला की पुन्हा साळसूद. तिथले दोन व्हॉल्व्ह जोडीने करंट ओढतात, दोघांचं ओढणं सारखं असेल तर हम एकमेकांत मरतो. एकाचा तोल गेला की ऐकू येतो. इथपर्यंत आपलं दोघांचं एकमत होतं. तोल कशाने जातो, यावर नव्हतं.

तू म्हणायचास, ड्राय सोल्डर. नानांच्या रेडिओत सगळे पार्ट तारांनी हवेत बांधलेले असत, इथे व्हॉल्व्हचं सॉकेट थेट छापील बोर्डावर बसवलेलं, तेव्हा तापून-निवून टाके तडकतात, असं तुझं म्हणणं. चूक नव्हतं. सुईने टोचून तू टाका शोधायचास, नव्याने सोल्डर करायचास, अॅम्प दुकानात शहाण्यासारखा वाजायचा आणि सरांच्या घरी गेला की पुन्हा रुसायचा. मी म्हणायचे, टाका नाही रे, बोर्डच गेलाय. सॉकेटजवळ बोर्ड तापून तापून करपलाय, आणि त्या करपलेल्या जागेतून शेजारच्या हाय व्होल्टेजचा करंट ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हला आवर घालणाऱ्या, लाइनीत झिरपतोय. म्हणून त्या व्हॉल्व्हचा तोल जातो.

"हद्द आहे! मेकॅनिक हरला की बोर्ड खराब."

"मीटर बघ ना. ग्रिडचं व्होल्टेज तापल्यावर सरकतंय."

"तुझा मीटर लावला की नवरदेवसुद्धा सरकेल. ठेव तो डबा."

डबा! नानांनी दिलेला मीटर मोडल्यावर मी हौसेने घेतलेला मीटर, आणि तू कधी त्याला बोटसुद्धा लावलं नाहीस.

मग त्या दुपारी सर पुन्हा पेटी उचलून आले. चेहरा उतरलेला. तू म्हणालास, "सर, फिकर मत कीजिए. इस बार हम देख लेंगे." सर पायरी उतरले आणि माझं डोकं फिरलं. "कोण बघणार? मी की आपण? तू एकटा बघणार असशील तर आजपासून मी या पेटीला हात लावणार नाही." ती सुई बोटांत फिरवत राहिलास. मी पर्स उचलली. दारात असताना मागून म्हणालास, "बेबी, उद्या बोलतो तुझ्याशी."

त्या उद्याच्या सकाळी वहिनींचा फोन आला. तू दूध तापवायला उठला होतास आणि ओट्याशीच बसलास, तो उठलाच नाहीस.

काय बोलणार होतास रे? तुझ्याजवळ बसले होते तेव्हा, लोक येत होते तेव्हा, सगळा वेळ माझ्या डोक्यात हेच. वेड्यासारखं. माणूस गेलाय आणि मला त्याचं राहिलेलं वाक्य हवंय.

तेराव्यानंतर सक्सेना सरांचा फोन आला. फार अदबीने बोलले. "दीदी, अब भैया तो रहे नहीं. सोच रहा हूँ, दिल्ली भिजवा दूँ. इतवार को उठवा लेते हैं." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मला दिसलं, हा अॅम्प दिल्लीला गेला की त्याच्यामागे ऑर्केस्ट्रावाले जाणार, त्यांच्यामागे बाकीचे. सगळे म्हणणार, दुकान म्हणजे भैया होते, ती बहीण नुसती बसायची. तू जाताना दुकानसुद्धा बरोबर घेऊन चालला होतास. मी म्हटलं, "सर, इतवार को आइए. बना हुआ मिलेगा."

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. तुझ्या खुर्चीवर तुझा टॉवेल तसाच होता. मी माझ्या स्टुलावर बसले. मीटर उचलला तर सेल उतरलेला. मी काम झालं की बटण फिरवून बंद करते, कधी विसरत नाही. त्या दिवशी रागात विसरले असेन, असं म्हणत स्वतःला शिव्या दिल्या आणि सेल बदलला. हम ऐकू यावा म्हणून कूलर बंद केला. बाहेर असलं ऊन की गल्लीतलं कुत्रंसुद्धा पायरीखाली शिरलेलं.

आणि आधी तुझ्या पद्धतीने करून बघितलं. हो, बघितलं! तुझी सुई घेतली, डोळे मिटले आणि टोचत गेले. तुला जिथे अख्खा रेडिओ बोलायचा तिथे मला नुसतं टक टक ऐकू आलं. पेटी तापली, हम आला, वाढला, व्हॉल्व्ह लाल व्हायला लागला. घाईघाईने बंद केला. त्या वेळी तुझा असा राग आला म्हणून सांगू! जाताना कान तरी ठेवून जायचा होतास. शेवटी ती सुई अंबाड्यात खोचली आणि माझ्या पद्धतीने बसले.

कॅपेसिटरमध्ये साठलेली वीज काढून टाकली. तो व्हॉल्व्ह काढून ठेवला. बोर्ड उलटा केला आणि ग्रिडला येणाऱ्या कॅपेसिटरचा एक पाय सोल्डर वितळवून वर उचलला. म्हणजे आता त्या जागी व्हॉल्व्ह नाही, कॅपेसिटर नाही, बोर्डाखेरीज करंट यायला वाटच नाही. अॅम्प लावला. नानांनी शिकवल्याप्रमाणे, शॉक लागू नये म्हणून एक हात पाठीमागे, दुसऱ्या हाताने मीटर. व्होल्टेज जिथे असायला हवं तिथे, शून्याच्या बरंच खाली, स्थिर. मग घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर त्या कोपऱ्यावर धरला. थोडा वेळ काही नाही. आणि मग आकडा सरकायला लागला. हळूहळू, निर्लज्जासारखा, शून्याकडे.

"बोर्ड! विनू, बोर्डच आहे! बघ, बघ, बो..."

खुर्चीवर टॉवेल होता. मी तुला हरवलं होतं आणि हरायला तू नव्हतास. मी ड्रायर बंद केला, अॅम्प बंद केला आणि त्या टॉवेलात तोंड घालून भोकाड पसरलं. शेजारचा घड्याळवाला धावत आला, "क्या हुआ दीदी?" म्हणाला. मी म्हटलं, "कुछ नहीं, फॉल्ट मिल गया." तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग डोळे पुसून भिंग घेतलं, नेमकं कुठे करपलंय ते बघायला. दोन लाइनींच्या मधे, सॉकेटच्या अगदी पायाशी. आणि तिथलं हिरवं व्हार्निश आधीच खरवडलेलं होतं. काळं झालेलं ब्लेडने काढून दोन्ही लाइनींच्या मधे बारीक खाच पाडायला घेतली होती. अर्ध्यावर येऊन थांबली होती. ब्लेड तू स्वतःकडे ओढतोस, म्हणून तुझी खाच सुरुवातीला रुंद आणि पुढे निमुळती होते. मी ती ओळखणार नाही तर कोण?

म्हणजे मी पर्स उचलून निघून गेल्यावर तू बोर्ड काढलास. आणि मग माझ्या डोक्यात मीटरचा उतरलेला सेल आला. मी विसरले नव्हते! तू लावला होतास मीटर. तो डबा. आयुष्यात पहिल्यांदा. सुई खाली ठेवून तू माझ्या मीटरने मोजलंस, माझं ऐकलंस, आणि बटण बंद करायचं मात्र विसरलास, कारण तुला त्याची सवयच नव्हती.

हे बोलणार होतास तर उद्या.

तुला वाटेल, हे कळल्यावर मी विरघळले. कसली विरघळते! आधी भडकले. बोर्ड खराब आहे असं घसा फोडून मी सांगत होते, आणि शेवटी तिथे पोचलास पुन्हा तूच आधी, तेही माझ्याच मीटरने! एवढंसुद्धा माझ्यासाठी ठेवलं नाहीस. एक खाच तरी मला पहिली पाडू द्यायची होतीस. अशी बडबडत मी त्या बोर्डाशी भांडत बसले. मग कधीतरी लक्षात आलं की भांडताना मला बरं वाटतंय, तुझ्याशी भांडताना वाटायचं तसंच.

तुझी अर्धी खाच मी पुरी केली. करपलेलं सगळं काढलं, साफ केलं. हाय व्होल्टेजची लाइन बोर्डावरून तोडून टाकली आणि तिच्याऐवजी वरून, हवेतून, नानांच्या रेडिओसारखी तार नेली. सोल्डर थिजेपर्यंत तार बोर्डापासून लांब धरायला तुझी सुई अंबाड्यातून काढली. तेवढी मात्र कामाला आली, कबूल. तेव्हापासून ती अंबाड्यातच असते.

अॅम्प दिवेलागणीपर्यंत चालू ठेवला. तापला, चांगला तापला. हम आला नाही. अशा वेळी आपण "आपण गेलो" म्हणायचो. मी या वेळी नाही म्हटलं.

रविवारी सर आले, बरोबर दिल्लीला न्यायचं खोकं घेऊन. गिटार लावली. वाजवत राहिले, थांबून कान देत राहिले, पुन्हा वाजवत राहिले. पेटीला हात लावून बघितला, गरम होती. घुमणं नाही, काही नाही. त्यांनी ते खोकं पायाने बाजूला सारलं आणि विचारलं, "दीदी, ये पकड़ा किसने? भैया कर गए थे क्या?"

विनू, ‘मैंने’ माझ्या ओठांवर होतं. सगळा जन्म या प्रश्नाची वाट बघितली मी. मी की आपण, हे मराठीत सांगायला तू कधी धजला नाहीस, आणि आता हिंदीत मलाच सांगायची पाळी आली. त्या पेटीत अर्धी खाच तुझी होती आणि अर्धी माझी.

मी म्हटलं, "हमने."

सरांनी माझ्याकडे बघितलं, अंबाड्यातल्या सुईकडे बघितलं आणि हात जोडले. "मान गए दीदी आपको. अकेले कर लिया!"

त्यांना नीट सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आता तू बस चरफडत.